बँड-स्विच बदलण्याआधी

मागच्या अंकातील पत्रात जुन्या रेडिओचा स्विच खरखरू लागला की सरळ नवा बसवावा, असा सल्ला होता. तो घाईचा आहे.

मर्फी, फिलिप्स, बुश यांच्या व्हॉल्व्ह रेडिओतला बँड-स्विच म्हणजे एका दांड्यावर ओवलेल्या चकत्या. त्यांवरच्या कॉन्टॅक्टना बहुधा चांदीचा मुलामा असतो. हवेतल्या गंधकाने तो काळवंडतो आणि एखादा बँड मुका होतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब सोडून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हापुन्हा फिरवले की बहुतेकदा काम भागते. पॉलिश पेपर मात्र लावूच नये. मुलामा खरवडला की आतला धातू उघडा पडतो. शिवाय नवा स्विच बसवताना एक वायर जरी चुकीच्या जागी डकवली, तरी तो बँड लागत नाही.

आवाजाच्या बटणामागचा चालू-बंद स्विच वेगळा. त्यातून थेट 230 व्होल्ट जातात. ठिणग्यांनी जळलेला असेल तर तो बदललाच पाहिजे. तसाच न मिळाल्यास मेन वायरवर वेगळा स्विच लावावा, रेडिओचा दर्शनी भाग शाबूत राहतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये तर चासीलाच करंट असू शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालू नये.