स्वमग्न बालकांचा खेळ आणि अंगणवाडी

परभणी, प्रतिनिधी : जिंतूर वा गंगाखेड तालुक्यातील स्वमग्न बालकाच्या पालकांनी तज्ज्ञाच्या शोधात मोठे शहर गाठावे, असे गृहीतच धरले जाते. गोव्याचा अनुभव मात्र निराळा आहे. 'संगाथ' संस्थेच्या सहभागाने गोवा व रावळपिंडी येथे झालेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ मुलांचा होता. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालक व मुलाच्या खेळाचे चित्रीकरण पालकांनाच दाखविले आणि मुलाच्या कलाने कसे खेळावे, हे समजावले. मुले स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा काळ मात्र घटला, हेही नमूद केले पाहिजे.

गाडीची चाके फिरवीत बसलेल्या मुलाच्या हातून गाडी हिसकावण्यापेक्षा शेजारी बसून दुसरी गाडी फिरविणे श्रेयस्कर. पाळी, प्रतीक्षा, दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहणे, हे सारे तेथूनच सुरू होऊ शकते.

केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. लवकर ओळख, अंगणवाडीत समावेश व संदर्भसेवा तीत अपेक्षित आहेत. परंतु वजनाच्या नोंदी आणि पोषण आहार सांभाळणाऱ्या सेविकेच्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष खेळाला किती तास मिळणार, याचे उत्तर जिल्हा प्रशासनाने द्यावयास हवे.