आजीची पाककृती आणि उद्योगाचा हिशेब

सदर : अर्थ आणि आचार

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी या उपनगरांतील जैन वस्त्यांत घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एका घरी मेथीचे आणि जिऱ्याचे खाकरे भाजले जातात, दुसऱ्या घरी मूग-उडदाचे पापड लाटले जातात. दक्षिण महाराष्ट्रातून मुंबईस आलेल्या कुटुंबांत शेवया आणि कुरडया होतात. या प्रत्येक व्यवसायाचे भांडवल एकच असते : आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे किंवा सुनेकडे आलेला हात. कंदमुळाशिवाय चव कशी आणावी, अष्टमी-चतुर्दशीस हिरव्या भाजीवाचून ताट कसे भरावे, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी टिकाऊ पदार्थ कसा हाताशी ठेवावा, हे ज्ञान कोणत्याही पाठ्यक्रमात शिकवले जात नाही. ते कुटुंबाचा वारसा म्हणूनच मिळते.

मात्र वारसा व्यवसायाचा आरंभ करून देतो, त्यास चालवीत नाही. पहिल्या वर्षी नातलग आणि शेजारी कौतुकाने माल घेतात. दुसऱ्या वर्षी कौतुक ओसरते आणि हिशेब उभा राहतो. अनेक घरगुती उद्योग या दुसऱ्या वर्षातच शांतपणे बंद पडतात. जे टिकले त्यांनी नेमके काय केले, हे पाहण्यासाठी मुंबईच्याच एका गच्चीकडे वळणे उपयुक्त ठरेल.

गिरगावातील गच्ची

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीतील सात गुजराती गृहिणी गच्चीवर जमल्या आणि त्यांनी चार पाकिटे पापड लाटले. हाती असलेले कौशल्य एवढेच होते. भांडवल म्हणून सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे सदस्य आणि समाजसेवक छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. माल भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यास विकला गेला. या सातजणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तोपर्यंत ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ हे नाव देशभर पोहोचले होते.

या यशाचे गोडवे अनेकदा गायले जातात. परंतु छोट्या उद्योजिकेच्या दृष्टीने त्या यशापेक्षा पहिली तीन-चार वर्षे अधिक बोलकी आहेत. पहिल्या वर्षाची एकूण विक्री ६,१९६ रुपये होती. तुटलेले पापड शेजाऱ्यांत वाटून टाकले जात. पावसाळा आला आणि उन्हाअभावी काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी त्यावर साधा उपाय निघाला : एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेण्यात आला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह ठेवायचा. तिसऱ्या वर्षापर्यंत सदस्यांची संख्या ३०० च्या पुढे गेली आणि गच्ची अपुरी पडू लागली. तेव्हा मळलेले पीठ भगिनींना घरी नेण्यास देऊन, लाटलेले पापड परत आणवून तोलून घेण्याची रीत सुरू झाली. आज लिज्जतची ओळख बनलेली ही कार्यपद्धती जागेच्या अडचणीतून जन्मली.

एक अपयशही नोंदवण्यासारखे आहे. १९६१ साली उपनगरात, मालाड येथे शाखा काढण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. पुढे १९७९ च्या सुमारास आगपेट्या आणि चामड्याच्या वस्तू यांचेही प्रयोग झाले, तेही टिकले नाहीत. खाकरा, मसाले, पीठ यांची वाट मात्र चालली. हाताला जे ठाऊक होते त्याच्या आसपासचे विस्तार रुजले, त्यापासून दूरचे बहुतेक गळून पडले, असे या यादीवरून दिसते.

प्रत एकच

आरंभी या भगिनी दोन प्रतींचे पापड करीत. हलक्या प्रतीचा माल कमी भावात विकला जाई. छगनबाप्पांनी त्यांना सल्ला दिला की प्रत एकच ठेवावी आणि तिच्याशी तडजोड करू नये. हा सल्ला व्यापारी चातुर्याचा वाटतो, पण जैन वाचकास त्यात ओळखीचा धागा दिसेल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीस प्रवृत्त करणे आणि चोरीचा माल घेणे हे दोन झाले. उरलेले तीन थेट दुकानातील आहेत : राज्याच्या नियमांचे उल्लंघन, खोटी वजनमापे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे चांगल्याच्या नावाखाली हलके देणे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले आहेत, त्यांचा आरंभच न्यायाने मिळविलेल्या धनापासून होतो.

घरगुती उद्योगात प्रतिरूपक व्यवहार क्वचितच कपटातून शिरतो. तो सोयीतून शिरतो. सणाची मागणी वाढते, नेहमीचे तूप महाग होते, आणि ‘या एका घाण्यापुरते’ म्हणून दुसरे वापरले जाते. बाहेरून आणलेल्या तयार मसाल्यात काय आहे हे विचारायचे राहून जाते. पाकिटावरील हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, तो जैन असल्याचे सांगत नाही. लसणाच्या पापडावरही तोच ठिपका असतो. म्हणून ‘जैन’ हा शब्द पाकिटावर छापणाऱ्या गृहउद्योगाचा सारा आधार विश्वासावर असतो. ग्राहक स्वयंपाकघर पाहत नाही, तो नाव पाहतो. त्याच्या नियमाचे ओझे त्याने विक्रेत्याच्या हाती सोपवलेले असते.

राज्याच्या नियमांबाबतही हेच. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ अन्वये घरातून पदार्थ विकणाऱ्या लहान उद्योगासही नोंदणी करावी लागते आणि तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर द्यावा लागतो. निव्वळ वजन, किंमत आणि तयार केल्याची तारीख छापणे हे कागदी सोपस्कार समजून टाळले जाते. वस्तुतः वजनाची ओळ ही पाच अतिचारांपैकी एकापासून दूर राहण्याची रोजची सवय आहे. खाकरा भाजताना पाणी उडते आणि वजन उतरते. लाट्यांच्या वजनावरून पाकीट भरणारीने आपण कच्चे वजन विकत आहोत की भाजलेले, हे एकदा तराजूवर पाहून ठरवावे.

ऋतू आणि मर्यादा

वारशाने आलेल्या पाककृतीबरोबर वारशाने आलेली मर्यादाही येते, हे विसरून चालत नाही. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवसांची मानली जाते. श्वेतांबर परंपरेत मिठाईसारख्या तयार पदार्थांचा काळ अनुक्रमे ३०, २० आणि १५ दिवसांचा मोजला जातो. चातुर्मासात अनेक घरे पापड बंदच करतात. हवेतील ओल वाढली की पदार्थात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते, हा त्यामागचा विचार आहे. लिज्जतच्या भगिनींना पहिल्याच पावसाळ्याने जे शिकवले, ते आपल्या आचारशास्त्राने ऋतुमानाच्या रूपात आधीच बांधून ठेवले आहे.

व्यवसायाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मोठा साठा करून ठेवण्याचा मार्ग या उद्योजिकेस जवळजवळ बंद आहे. रसायने घालून पदार्थ सहा महिने टिकवता येतो, पण नियम पाळणारा ग्राहक पाकिटावर ‘कधीपर्यंत खावे’ हे पाहण्याआधी ‘कधी तयार केले’ हे पाहतो. त्याच्यासाठी पीठ दळल्याची तारीख स्वतंत्रपणे सांगणारा विक्रेता अमूल्य ठरतो. मोठ्या कारखान्यास हे जमणे कठीण आहे, कारण त्याचा माल गोदामातून आणि वितरकाकडून फिरत येतो. मुलुंडमधील एका घरास ते सहज जमते, कारण तिचा ग्राहक दोन इमारती पलीकडे राहतो. इथे मर्यादा हीच तिची जमेची बाजू होते. थोडा माल, वारंवार, मागणीप्रमाणे, आणि पावसाळ्यात कमी : या चौकटीत बसेल तेवढाच विस्तार करावा.

श्रमाचे मोल

घरगुती उद्योग बुडण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे घरातील श्रमाची किंमत शून्य धरणे. पीठ, तूप, गॅस, पाकीट यांचा खर्च लिहिला जातो. सासूबाईंचे चार तास आणि सुनेचे पाच तास लिहिले जात नाहीत. त्यामुळे पाकिटाचा भाव खोटाच ठरतो. तो स्वस्त असल्याने मागणी वाढते, मागणीने श्रम वाढतात, आणि एके दिवशी सासूबाईंचे गुडघे किंवा सुनेचा संयम उत्तर देतो. मग मोलाने बाई ठेवायची म्हटले की तिची मजुरी देण्याइतकी जागा भावात उरलेलीच नसते.

लिज्जतमध्ये लाटण्याच्या मजुरीस ‘वणाई’ म्हणतात. पीठ घेऊन जाणारी भगिनी पापड आणून देते, ते तपासले आणि तोलले जातात, आणि तिची वणाई तिच्या हातात पडते. शिवाय प्रत्येक सदस्य भगिनी सहमालक मानली जाते आणि नफ्या-तोट्याची वाटेकरी असते. संस्था कोणाकडून देणगी मागणार नाही, हे सुरुवातीलाच ठरले होते. तोटा झाला तरी तो आपला, ही जाणीव त्यामागे होती. १९६२-६३ मध्ये विक्री १,८२,००० रुपयांवर पोहोचली. चवीचा त्यात वाटा होताच, पण लाटणारीला आपल्या श्रमाचा मोबदला दिसत होता, म्हणून हजारो हात जोडले गेले.

आपल्या घरांतही ही वणाई वहीत लिहिली जावी. ती लगेच कोणी घेतली नाही तरी चालेल, पण लिहिली जावी. ती भावात धरली गेली, तरच उद्योग पुढच्या पिढीकडे देण्याजोगा राहतो. अन्यथा पुढच्या पिढीस व्यवसाय मिळत नाही, फक्त कष्ट मिळतात, आणि शिकलेली मुलगी ते नाकारते तेव्हा तिला दोष देता येत नाही.

दूरच्या देशाचे दोन दाखले

कुटुंबाचा वारसा आणि दुकान यांचे नाते सर्वत्र सारखेच आहे. युक्रेनमधून अमेरिकेत गेलेल्या मायरन सुरमाच यांनी १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये ‘सुरमा’ नावाचे दुकान काढले. युक्रेनियन पुस्तके, संगीत, भरतकाम केलेली वस्त्रे आणि मध तेथे मिळत असे. स्थलांतरितांच्या तीन पिढ्यांचे ते जणू माहेर होते. २०१६ साली ते बंद झाले. त्याच परिसरात १९५४ साली दार्मोख्वाल दांपत्याने सुरू केलेले ‘वेसेल्का’ हे युक्रेनियन भोजनगृह मात्र नातवाच्या हाती आजही चालू आहे. त्यांचा आहार आणि आपला आहार यांचा मेळ नाही, पण फरक समजून घेण्यासारखा आहे. भरतकामाचा सदरा वर्षातून एखाद्या सणाला लागतो, जेवण रोज लागते. ज्या वारशाची गरज रोजच्या जीवनात उरते, त्याचे दुकान टिकण्याची शक्यता अधिक असते. खाकरा, पापड आणि सकाळचा नाश्ता यांच्या बाजूने हे मोठे अनुकूल कारण आहे. केवळ समाजाच्या आठवणीवर विसंबून राहणे मात्र धोक्याचे, कारण ग्राहकाची नातवंडे आठवणींसाठी खरेदी करतीलच असे नाही.

युक्रेनचा दुसरा दाखला थेट उपनगरातील कढईपर्यंत आला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे युद्ध सुरू झाले. भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा भाग युक्रेनमधून येत असल्याने भाव कडाडले. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली. फरसाण आणि तळलेले पदार्थ करणाऱ्या भगिनींपुढे तीनच वाटा होत्या : भाव वाढवावा, वजन घटवावे किंवा तेल बदलावे. भाव वाढवण्याचा संकोच सर्वांत जास्त वाटतो, कारण ग्राहक ओळखीचा असतो. परंतु उरलेल्या दोन वाटा, न सांगता स्वीकारल्या तर, त्या पाच अतिचारांच्या यादीत नेऊन सोडतात. खर्च वाढल्याचे स्पष्ट सांगून भाव वाढवणारीचे दोन ग्राहक तुटतात. गुपचूप तेल बदलणारीचे नाव तुटते.

वहीतील चार पाने

पर्युषण आणि दिवाळीच्या आधी अनेक घरांत नवा उद्योग सुरू करण्याचा विचार होतो. त्यासाठी दुकानाची जागा किंवा यंत्र पाहण्यापूर्वी एक वही घ्यावी. पहिल्या पानावर पाककृती वजनासह लिहावी. आजीचे ‘अंदाजाने’ हे माप तराजूवर उतरवले नाही, तर तो वारसा तिच्याबरोबरच जाईल. दुसऱ्या पानावर खर्च लिहावा आणि त्यात प्रत्येकीची वणाई धरावी. तिसऱ्या पानावर प्रत्येक ऋतूतील मर्यादेचे दिवस आणि त्या दिवसांत खपेल एवढाच माल लिहावा. चौथ्या पानावर ज्या गोष्टी भाव कितीही वाढला तरी बदलणार नाहीत त्यांची यादी करावी आणि ती घरातील सर्वांना वाचून दाखवावी.

हे चौथे पान सुनेने किंवा लेकीने लिहिले तर अधिक बरे. उद्या हा उद्योग तिच्या हाती जाणार असेल, तर त्याची बंधनेही तिने आपली म्हणून स्वीकारलेली असावीत.