बोट दाखवणं आणि नाव घेणं



माऊसला हात न लावता नुसत्या कीबोर्डवर प्रोग्रॅम लिहिणारी दोन माणसं आमच्या घरातच आहेत, सूनबाई आणि पुतण्या. त्यांना कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: वेळ वाचतो. हात उचलून माऊसवर न्यायचा आणि परत आणायचा, यात दर वेळी सेकंद-दोन सेकंद जातात म्हणे. मला हे कारण काही पटत नाही. वाचवलेल्या सेकंदांचं पुढे काय होतं ते मी रोज बघते! (दोघंही हे वाचणार आहेत. वाचोत.)

सवय मात्र चांगली आहे, फक्त तिचं खरं कारण वेगळं आहे असं माझं मत. जन्मभर मराठी शिकवल्यामुळे असेल, मला ते भाषेच्या बाजूने दिसतं.

तान्हं मूल बोलायला लागण्याआधी बोट दाखवतं. ते हवं, हे नको. माऊस म्हणजे ते बोट. जे डोळ्यांसमोर आहे तेवढंच त्याने मागता येतं. कीबोर्डवरची आज्ञा म्हणजे वस्तूचं नाव घेणं. नाव ठाऊक असलं की समोर नसलेली वस्तूही मागता येते. सूनबाई व्हीएस कोड नावाच्या एडिटरमध्ये काम करते. कंट्रोल-पी दाबून फाइलच्या नावातली चार अक्षरं टंकली की ढिगातून नेमकी ती फाइल पुढे येते. कंट्रोल-जी आणि क्रमांक दिला की थेट त्या ओळीवर. एखाद्या शब्दावर एफ-१२ दाबलं की त्याची मूळ व्याख्या जिथे केली असेल तिथे, आणि ऑल्ट धरून डावा बाण दाबला की परत आपल्या जागी. आज्ञाच आठवत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून तिचं नाव लिहायला लागायचं.

पुतण्या याहून कडवा. तो विमवाला. विमचा पूर्वज 'व्हीआय' बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास बर्कलीला लिहिला. ते ज्या टर्मिनलवर काम करत त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून आजही त्यात डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जायला हीच चार अक्षरं. टर्मिनल कधीच भंगारात गेलं, बाण बोटांत राहिले. पण मला भावलं ते त्याचं व्याकरण. डी म्हणजे पुसणे, डब्ल्यू म्हणजे शब्द. 'डी-डब्ल्यू' म्हणजे शब्द पूस, 'डी-तीन-डब्ल्यू' म्हणजे तीन शब्द पूस. डीच्या जागी सी घातला की पूस आणि नवं लिही. क्रियापद, संख्याविशेषण, कर्म! एक क्रियापद शिकलं की ते सगळ्या नामांना लागतं. पुतण्याने हे दाखवलं तेव्हा मला फळ्यावर वाक्य पृथक्करण मांडल्यासारखं वाटलं. (क्रियापद आधी येतं एवढंच काय ते इंग्रजी वळण.)

याला दुसरी बाजू आहेच. विममध्ये नवखा माणूस शिरला की अभिमन्यू होतो. अक्षरं दाबावीत तर ती उमटत नाहीत, त्यांच्या आज्ञा होतात. 'विममधून बाहेर कसं पडायचं' हा एका संकेतस्थळावरचा प्रश्न २०१७पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता! एकच कळ कधी अक्षर तर कधी आज्ञा, हे लॅरी टेस्लर यांना इतकं नापसंत होतं की त्यांनी गाडीच्या पाटीवरसुद्धा 'नोमोड्स' लिहून घेतलं होतं. कट, कॉपी, पेस्ट ज्यांच्यामुळे रुळलं ते हे गृहस्थ, २०२० साली वारले. शिवाय मेनू हा नवशिक्याचा मास्तर आहे, काय काय करता येतं ते तो दाखवतो आणि उजव्या कडेला शॉर्टकटही लिहून ठेवतो. तेव्हा माऊस फेकून द्या असं माझं म्हणणं मुळीच नाही.

माऊसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांचंही तसं म्हणणं नव्हतं, पण त्यांनी एकटा माऊसही पुरेसा मानला नव्हता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी माऊसचं जे गाजलेलं प्रात्यक्षिक दाखवलं, त्यात उजव्या हाताशी माऊस होता आणि डाव्या हाताशी पाच पट्ट्यांचं, पेटीसारखं वाजवायचं एक यंत्र. एका हाताने दाखवायचं, दुसऱ्याने बोलायचं. जगाने पुढे माऊस उचलला आणि ते पाच पट्ट्यांचं यंत्र मागे टाकलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. माझा एक जुना विद्यार्थी प्रोग्रॅमर आहे. तिशी उलटल्यावर त्याची दृष्टी कमी होत गेली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने तो काम करतो. त्यातला एनव्हीडीए नावाचा मोफत मिळणारा प्रोग्रॅम २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी सुरू केला, जेम्स तेह त्यांना लगेच येऊन मिळाले. दोघेही स्वतः अंध. एडिटरमध्ये एफ-८ दाबलं की पुढची चूक गाठता येते, तो ती ऐकतो आणि दुरुस्त करतो. बाण कुठे आहे हेच दिसत नसेल तर माऊस हातात असून उपयोग काय? बोट कुणाकडे दाखवायचं? त्याला नाव घेऊनच मागावं लागतं.

त्याच्या कचेरीत नवी प्रणाली आली. झालेलं काम पुढे पाठवण्यासाठी तिच्यात एक बटण होतं, आणि ते फक्त माऊसनेच दाबलं जाई. टॅब कितीही वेळा दाबा, तिथे पोचायचंच नाही. एडिटरमधलं सगळं काम एकट्याने करणारा हा माणूस ते एक बटण दाबायला रोज शेजारच्याला हाक मारायचा. फोनवर म्हणाला, "बाई, काम येत नाही असं कुणी म्हटलं असतं तर शिकलो असतो. आता काय शिकू?" मला उत्तर देता आलं नाही. ते बटण बनवणारा कुणी दुष्ट नसणार. त्याने टॅब दाबून पाहिला नाही इतकंच, कारण त्याला स्वतःला कधी गरज पडली नाही.

म्हणून सेकंदांचा हिशोब मला पोरकट वाटतो. कीबोर्डवरून चालणारी वाट ही हौशी लोकांची चैन ठरली की ती बांधणंही ऐच्छिक ठरतं. शाळेतल्या संगणकाच्या तासाला पहिले पंधरा दिवस माऊस कपाटात ठेवावेत या मताची मी आहे. मुलं कंटाळतील, शिक्षक कुरकुरतील (मीही कुरकुरले असते). पण त्यांतलं एखादं पोर मोठेपणी बटणं बनवायला बसेल तेव्हा टॅब दाबून बघण्याची सवय तरी त्याच्या बोटांत असेल.

वाचकांमध्ये प्रोग्रॅमर बरेच आहेत, घरचे दोघं धरून. या आठवड्यात आपण केलेलं एखादं पान माऊस काढून ठेवून, नुसत्या टॅबने शेवटपर्यंत फिरून बघा. कुठे अडलात ते मला कळवा. सूनबाईचं तिसऱ्याच रकान्यात अडलं. दुरुस्ती चालू आहे.