फॉरमॅट करण्याआधी

एकाच संगणकावर विंडोज आणि उबुंटू असले आणि एखाद्या सकाळी तो सुरूच झाला नाही, की ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला लगेच मिळतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर अनेक देशांत अशा जोडसंगणकांवर उबुंटूसारखे लिनक्स उघडेना. फायली मात्र जागच्या जागी होत्या. अपडेटने फक्त लिनक्स सुरू करणाऱ्या जुन्या बूटलोडरवरचा विश्वास काढून घेतला होता आणि सिक्युअर बूट ही सुरुवातीची तपासणी तात्पुरती बंद करताच काम पुढे सरकत होते. एरवीही बिघाड बहुधा सुरुवातीच्या नोंदीतच असतो. बूट मेनूत उबुंटूची नोंद वर आणावी. तेवढ्याने भागले नाही, तर उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब हा बूटलोडर पुन्हा बसवावा. फॉरमॅट लवकर उरकते, हे खरे. पण पर्लकोटा नदीच्या पुराने ज्या भामरागड तालुक्याचा रस्ता तुटतो, तिथे ग्रामसभेचे बांबूविक्रीचे हिशेब एकाच डिस्कवर असले तर त्या घाईची किंमत कोण मोजणार? मग दोन प्रणाली हव्यातच कशाला, असेही विचारले जाते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि कित्येक जुनी यंत्रे विंडोज ११ला चालत नाहीत; त्यांना उबुंटू लागतो, आणि एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी विंडोजही ठेवावे लागते. म्हणून तालुक्याच्या प्रत्येक संगणक केंद्रात लाइव्ह पेनड्राइव्ह तयार हवाच. आणि सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी विंडोजच्या बिटलॉकर या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, नाहीतर विंडोजचे दारही बंद होऊ शकते.