पाच रात्री, चार बेटे आणि एक कोठडी

सात रस्त्यावरील एका प्रवासी कचेरीत गेल्या महिन्यात आम्ही दोन संध्याकाळी बसून होतो. आम्ही म्हणजे महाविद्यालयांतून साहित्य शिकवणारे काही जण, आमच्या घरची मंडळी आणि एम.ए.चे काही विद्यार्थी. सारी मिळून बावीस माणसे. विषय अंदमानच्या सहलीचा. टेबलावर घडीचे रंगीत पत्रक, बाहेर पुण्या-मुंबईकडे निघणाऱ्या रात्रीच्या गाड्यांचे कर्णे, आणि समोर कार्यक्रम समजावून सांगणारे अत्यंत अगत्यशील गृहस्थ. पाच रात्री, सहा दिवस, चार बेटे. सकाळी पोहे-उपमा, दोन्ही वेळा पोळी-भाजी. सोबत मराठी बोलणारा व्यवस्थापक. पहिल्या संध्याकाळी आम्ही खुशीत बाहेर पडलो. दुसऱ्या संध्याकाळी भांडून बाहेर पडलो. त्या भांडणात जे धड बोलता आले नाही ते येथे मांडत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमचे भांडण समूहसहलीशी नाही. समूहसहलीची टिंगल करणे ही मराठी लेखक-प्राध्यापकांची जुनी खोड आहे. परदेशात पोळी मागणारा प्रवासी, झेंड्यामागून धावणारी मावशी, बसमध्ये भेंड्या खेळणारे पेन्शनर यांच्यावर आपण पुष्कळ हसून झालो. या हसण्यात एक उच्चवर्गीय तोरा आहे. ज्या स्त्रियांनी आयुष्यात माहेर, सासर आणि देवस्थान यांखेरीज गाव पाहिले नाही, त्यांच्यासाठी समुद्र उघडला तो याच झेंड्याने. शिवाय ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे त्या जिल्ह्यातील माणसांनी, जथ्याने प्रवास करणे म्हणजे मेंढरांचे काम, असे म्हणावे हे हास्यास्पद होय. दिंडीलाही ठरलेले मुक्काम असतात, ठरलेला क्रम असतो, स्वतःचे स्वयंपाकी असतात. एकट्याने भटकणाऱ्यालाच जग दिसते, ही समजूत उसनी आहे. ‘माझा प्रवास’ लिहिणारे गोडसे भटजी काकांबरोबर दक्षिणेच्या आशेने निघाले होते. त्यांना सत्तावन सालचा वणवा दिसला तो त्यांनी आखलेला कार्यक्रम मोडला म्हणून.

तेव्हा आमचे भांडण आहे ते कार्यक्रमाच्या कागदाशी. हा कागद म्हणजे एक संहिता आहे, आणि संहिता वाचण्याचाच पगार आपण घेतो. कादंबरीत कोणत्या पात्राला किती पाने मिळाली, कोण दारामागेच राहिले, हे आपण वर्गात फळ्यावर मांडून दाखवतो. मग सहलीच्या कागदावर कोणत्या स्थळाला किती तास मिळाले आणि कोणते मुळी आलेच नाही, हे वाचायला आपली जीभ का अडखळते?

आमच्यासमोरच्या कागदात सेल्युलर जेलला ध्वनिप्रकाशाचा खेळ धरून साडेतीन तास होते. बाकी समुद्रकिनारे, पाण्याखालची प्रवाळे, आणि एक पूर्ण दिवस बाराटांग. म्हणजे या कागदाप्रमाणे अंदमानात दोनच गोष्टी आहेत: एक पवित्र कोठडी आणि पुष्कळशी निर्मनुष्य वाळू. माणसे फक्त मेलेली आहेत. जिवंत आहेत ते वाढपी, नावाडी आणि, बाराटांगच्या वाटेवर, ‘दिसले तर’ जारवा. हे ‘दिसले तर’ आमचे नव्हे, छापील आहे.

कोठडीपासूनच सुरुवात करू. मराठी माणूस अंदमानला जातो तो ‘माझी जन्मठेप’ घेऊन, मग त्याने ते वाचलेले असो वा नसो. 1927 साली पुस्तकरूपाने आलेल्या या ग्रंथाने मराठी मनात अंदमानचा एकच नकाशा कोरला, आणि त्यात वरच्या मजल्यावरची टोकाची एक खोली तेवढी ठळक आहे. सावरकरांविषयी कोणाचे मत काय असावे हा येथे प्रश्न नाही. ते मत घेऊनच लोक विमानात बसतात आणि तेच घेऊन परत येतात. प्रश्न पुस्तकाचा आहे. ते पुस्तक त्या खोलीपुरते नाही. त्यात कोलू ओढणारे नामहीन कैदी आहेत, बारीसाहेब आहे, वॉर्डर झालेले जन्मठेपी आहेत, वसाहतीतले संसार आहेत. एका मोठ्या, गजबजलेल्या पुस्तकाचे आपण एका खोलीत रूपांतर केले. हे पाप सहल-कंपन्यांचे नाही, वाचकांचे आहे. कंपन्यांनी फक्त त्याला तिकीट लावले.

तुरुंगाची इमारत 1896 ते 1906 या काळात उभी राहिली. मधल्या मनोऱ्यापासून सात बराकी सायकलच्या आऱ्यांसारख्या फुटल्या होत्या. आज तीन उरल्या आहेत. (सात वाटा फुटणाऱ्या चौकात बसून आम्ही हे ऐकत होतो, पण ते कोणाच्याच ध्यानात आले नाही.) कोठड्या सातशेच्या आत-बाहेर. त्यातल्या एका कोठडीसमोर आपण रांग लावतो. महावीर सिंग, मोहनकिशोर नामदास आणि मोहित मैत्र हे तिघे 1933च्या उपोषणात, बळजबरीने दूध पाजण्याच्या प्रकारात मेले. ही नावे आमच्या बावीसांपैकी दोघांना ठाऊक होती. आणि तुरुंगाच्याही आधी, मार्च 1858 मध्ये, दोनशे बंदिवान घेऊन डॉ. वॉकर पोर्ट ब्लेअरला उतरला होता. गोडसे भटजींनी ज्यांची धुमश्चक्री पाहिली त्यांच्यासारख्याच माणसांची ही पुढची कहाणी. मराठीचा प्राध्यापक या दोन गोष्टी जोडून दाखवू शकला नाही, तर मराठी मार्गदर्शकाने त्या जोडाव्यात ही अपेक्षा कशाच्या बळावर?

जपानी अमलाची (1942-45) तर आपल्याकडे दखलच नाही. 30 जानेवारी 1944 रोजी हंफ्रीगंज येथे चव्वेचाळीस नागरिकांना हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या महिनाभर आधी, 30 डिसेंबर 1943 रोजी, नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. झेंड्याची जागा कागदावर आहे. हंफ्रीगंज नाही. दोन्ही एकत्र ठेवले तर मन अवघडते, आणि सहलीत मन अवघडू द्यायचे नसते.

आता वाळूकडे. हॅवलॉक आणि नील ही सत्तावनचा उठाव चिरडणाऱ्या इंग्रज सेनानींची नावे; 30 डिसेंबर 2018 रोजी त्या बेटांची स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम. कागदावर जुनी-नवी दोन्ही नावे आहेत, विक्रीला जी चालतील ती. परंतु खरी वाचण्याजोगी नावे तिसरीच आहेत. हॅवलॉकवर गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर; नीलवर रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने येथे जंगल तोडून वसवले. एका बेटावर सारी कृष्णकथा, दुसऱ्यावर सारे रामायण. घर गमावलेल्या माणसांनी परक्या बेटावर पाय टेकताना हाताशी होते ते वाङ्मय वापरले, याहून मोठा धडा साहित्याच्या विद्यार्थ्याला कोणता किनारा देईल? कागदावर मात्र राधानगर म्हणजे 2004 साली ‘टाइम’ने आशियातला सर्वोत्तम ठरवलेला किनारा, सीतापूर म्हणजे सूर्योदय, लक्ष्मणपूर म्हणजे सूर्यास्त. भात आणि भाजी पिकवणारी, ज्यांच्या आज्यांनी ती नावे ठेवली ती माणसे, कोठेच नाहीत. आमच्यातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने विचारले की राधानगरला गाव आहे का. गृहस्थ म्हणाले, “गाव हाय की, पण तिथं बघण्यासारखं काय नाही ओ मॅडम.”

आणि मग बाराटांग. पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-साडेतीनला निघायचे, फेरारगंजवरून जिरकाटांगच्या नाक्यावर रांगेत थांबायचे, आणि ताफा सुटला की जारव्यांच्या राखीव जंगलातून पलीकडे जायचे. पुढे बोटीने चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. हा रस्ता जंगलातून बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली दिला होता. रस्ता चालूच राहिला. जानेवारी 2012 मध्ये अन्नाच्या बदल्यात जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली. जारवा सारे मिळून काही शेकड्यांत आहेत. बाहेरच्यांशी त्यांचा संबंध सलोख्याचा झाला तो 1990च्या दशकाच्या अखेरीस, आणि 1999 साली त्यांच्यात गोवराची साथ आली. छायाचित्रे काढण्यास बंदी आहे, थांबण्यास बंदी आहे, खाऊ देण्यास बंदी आहे. कायदा हाताला बांधतो. डोळ्याला कोण बांधणार? गाडीतले प्रत्येक जण दीड तास काचेला नाक लावून बसतात ते गुहेसाठी नव्हे.

आम्ही म्हणालो, बाराटांग वगळा. गृहस्थांचा चेहरा पडला. बाराटांग काढला तर मागच्या गटाने पाहिले ते तुम्ही पाहिले नाही असे होईल, परतावा फारसा मिळणार नाही, आणि दिवस मोकळा राहील त्याचे काय करायचे? हा शेवटचा प्रश्न रास्त होता. त्यावरच भांडण झाले.

आमच्यापैकी एकाने सुचवले: तो दिवस फेरारगंज परिसराला द्यावा. बाराटांगची गाडी जे गाव अंधारात मागे टाकते ते. त्या भागात 1926 साली संयुक्त प्रांतातून आणलेल्या भांतू लोकांची वस्ती आहे. सुलताना डाकू हा भांतू; त्याला 1924 मध्ये फाशी झाली, आणि ‘गुन्हेगार जमाती’च्या कायद्याखाली त्याच्या जमातीच्या अनेक कुटुंबांना काळ्या पाण्यावर नेऊन शेतीला जुंपले. हा 1871चा कायदा सोलापुरात कोणाला समजावून सांगावा लागू नये. आमच्या शहरात सेटलमेंट आहे. तारेच्या कुंपणाआड कैकाडी, पारधी, भामटे यांना डांबून, हजेरी घेऊन, गिरण्यांना मजूर पुरवणारी ती वसाहत याच कायद्याची. 1952 साली कायदा गेला. वसाहतीचे नाव राहिले. आम्ही ‘उपरा’ (1980) शिकवतो, ‘उचल्या’ (1987) शिकवतो, त्यांवर प्रश्न काढतो, दहा गुणांचे. सेटलमेंटात मात्र आमच्यातील बहुतेक जण कधी गेलेले नाहीत. आणि आता बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडून त्याच कायद्याची दुसरी वसाहत पाहणार!

हे आम्ही नव्हे, एका विद्यार्थिनीने सुनावले. तिची पणजी कुंपणाच्या आत जन्मली होती. ती शांतपणे म्हणाली, “जारवा बघायला जायचं नाही म्हणता सर, मग भांतू बघायला कसं जायचं? तिथं जाऊन काय विचारणार तुम्ही त्यांना?”

यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते आणि आजही अर्धेच आहे. फरक आहे खरा. जारव्याला ताफा नाकारता येत नाही. फेरारगंजच्या बाजारातला माणूस आपल्याला चहाही देईल किंवा पाठही फिरवील, दोन्ही त्याच्या हाती. तो हिंदी बोलतो, त्याची मुले शाळा-कचेरीत आहेत, तो भांतू आहे की रांचीकडून जंगलतोडीला आलेल्या मजुरांचा नातू की मोपला, हे विचारण्याचा आपल्याला काहीएक अधिकार नाही. न विचारता तेथे दिवस काढता आला पाहिजे. बाजारात फिरावे, चहा प्यावा, हंफ्रीगंजच्या स्मारकापाशी थांबून परत यावे. कोणाला ‘दाखवू’ नये. एवढेच आम्ही म्हणू शकलो.

“सहलीला जातोय, संशोधनाला नाही,” असे आमच्यातीलच एक सहकारी वैतागून म्हणाले. त्यांचा वैताग समजतो. वर्षभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला चार दिवस निळे पाणी हवे असते, आणि निळ्या पाण्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही. पण हे वाक्य निरुपद्रवी नाही. ‘पाहण्यासारखे’ काय आणि ‘पाहण्यासारखे नाही’ काय, हे एकदा ठरले की पुढचे सारे त्यावर उभे राहते. ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ आणि नगर यांचा बहात्तर हजार कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, सुमारे एकशे तीस चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी द्यायचे ठरले, तेव्हा मराठी वाचकवर्गात त्याचा आवाज किती उठला? तेथे आपल्या ओळखीची कोठडी नाही, आणि आपले पत्रक तेथवर जात नाही. मराठी प्रवासवर्णनांनीही यात कमी केलेले नाही. अलीकडची कितीतरी वर्णने सहलपत्रकाचीच वाढवलेली आवृत्ती असतात: सकाळी हे, दुपारी ते, रात्री जेवणात मटकीची उसळ. अशांना दिवाळी अंकात पाने देणारे संपादक आणि प्रबंधाला विषय देणारे मार्गदर्शक आपल्यातलेच आहेत.

कागद दुसऱ्यांदा छापून आला आहे. त्यात राधानगरला ‘गाव’ हा शब्द हाताने वाढवला आहे, तुरुंगात एका दुपारऐवजी पूर्ण सकाळ मागितली आहे, बाराटांग खोडले आहे. चौघांनी बाराटांगचा दिवस आपल्या खर्चाने स्वतंत्र ठेवला आहे. त्यांच्याशी आमचे बोलणे चालू आहे, म्हणजे भांडणही. आगाऊ रक्कम भरण्याची मुदत पुढच्या शनिवारची. सतरा नावे आली आहेत. त्या विद्यार्थिनीने आधी सेटलमेंटात चला, मग सांगते, असे कळवले आहे, आणि रविवारी सकाळी दहाला जायचे ठरले आहे.