आठ कंठ, एक स्वर

विजेवर चालणाऱ्या वाद्यांविषयी एक समज दृढ झालेला दिसतो. जितके स्वर एका वेळी वाजतील, तितके वादन श्रेष्ठ, असा तो समज होय. आम्हांस तो मान्य नाही.

सिंथेसायझर हे वाद्य तारेच्या वा पत्तीच्या कंपनाने नव्हे, तर विजेच्या आंदोलनांतून स्वर निर्माण करते. १९७० साली अमेरिकेत निघालेल्या मिनिमूग या वाद्यात एका वेळी एकच स्वर वाजे. १९८१ साली रोलंड या जपानी कंपनीने जुपिटर-८ हे वाद्य काढले. त्यास आठ स्वतंत्र कंठ होते. तरीही त्यात एककंठी वादनाची सोय मुद्दाम ठेवलेली होती. एका पद्धतीत एकच कंठ बोलतो. दुसरीत आठही कंठ मिळून एकच स्वर धरतात.

ही सोय कशासाठी? आपल्या रागसंगीतात एका स्वरातून दुसरा स्वर उमलतो. एककंठी पद्धतीत विजेचा दाब हळूहळू चढविता येतो आणि षड्ज न तुटता ऋषभापर्यंत सरकतो. हीच मींड! आठ कंठ पाळीपाळीने बोलू लागले, की नव्या स्वराचा मागच्या स्वराशी सांधा राहत नाही. पेटीला तर मींड साधतच नाही. तिच्या अशाच उणिवांवर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली व ती १९७१ पर्यंत टिकली. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी मात्र १९८२ साली जुपिटर-८ हाताशी घेऊन दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशांतही वाखाणली गेली.

कोणी विचारील, एकच स्वर काढावयाचा, तर आठ कंठांचा खर्च कशाला? याचे उत्तर सावरगावातील कोणत्याही भजनात मिळेल. दहा जण एकमुखाने अभंग म्हणतात, तेव्हा त्यांचे गळे तंतोतंत जुळत नाहीत. एक स्वर सेकंदास ४४० व दुसरा ४४१ कंपनांचा असेल, तर दर सेकंदास एक हेलकावा उमटतो. अशा सूक्ष्म हेलकाव्यांनीच समूहस्वर भरदार होतो. आठ कंठ एकवटले, म्हणजे यंत्रातही तेच घडते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आज अनेक घरांत लहानमोठे कीबोर्ड आले आहेत. बोटांच्या गर्दीत चुकीचा स्वर लपतो. एकट्या स्वराला लपावयास जागा नसते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की प्रथम एकच स्वर वाजवावा, तो कानाने पारखावा, आणि मगच इतर स्वरांस सोबतीला बोलवावे. स्नेहसंमेलनातील गीत त्याने अधिक सुरेल होईल, याविषयी आम्हांस शंका नाही.