बसलेल्या घशाची थट्टा नको



युनियनच्या माणसाचा घसा बसणे ही आपल्याकडे थट्टेची गोष्ट. द्वारसभेत घोषणा दिल्या की दुसऱ्या दिवशी आवाज जातो, ज्येष्ठमध चघळले की चार दिवसांत परत येतो. व्हाइटफील्ड यार्डातील आमच्या एका पॉइंट्समन सहकाऱ्याचा आवाज मात्र चार महिने परत आला नाही. त्याने थट्टा केली, आम्हीही केली. तपासणी झाली तेव्हा कर्करोग फार पुढे गेला होता. स्वरयंत्र काढावे लागले. आज तो गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतो. त्या थट्टेची आम्हाला अजून लाज वाटते.

म्हणून लक्षणे स्पष्ट सांगतो. तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, गिळताना त्रास, मानेत गाठ, एकाच बाजूचा कान ठणकणे, थुंकीत रक्त, विनाकारण वजन घटणे. दरवेळी कर्करोगच असतो असे नाही; पण यांपैकी काहीही टिकून राहिले तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. स्वरतंतूंवरचा रोग लवकर सापडला तर किरणोपचाराने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने बहुतेक रुग्ण बरे होतात, आवाजही वाचतो. त्यासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयाची गाडी पकडायची गरज नाही. बंगळुरूतच किडवाई संस्था आहे.

कारणांत पहिली तंबाखू, मग दारू. दोन्ही एकत्र आल्या तर धोका नुसता वाढत नाही, कैक पटींनी चढतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळेही टॉन्सिलच्या भागात हा रोग होतो. पण सगळा दोष कामगाराच्या व्यसनावर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. रात्रपाळीत झोप मोडण्यासाठीच चिमूट तोंडात जाते. शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे तुषार १९९२ सालीच कर्करोगकारक ठरवले. ते आणि ॲस्बेस्टॉसची धूळ, दोन्ही स्वरयंत्राला घातक आहेत. बॅटऱ्या चार्ज होताना आम्ल उडते, हे त्या खोलीत काम करणाऱ्याला सांगायला नको.

आमच्या मागण्या साध्या आहेत. बॅटरी-खोलीत हवा खेळती ठेवा. जुने ॲस्बेस्टॉस काढताना संरक्षक साधने द्या. पीएमईच्या वेळी डोळ्यांबरोबर घसा आणि मानही तपासा.

आणि तुम्हाला एकच विनंती. शेजारच्या सहकाऱ्याचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल, तर हसू नका. त्याला घेऊन दवाखान्यात जा.